समाजकार्यकर्त्यांसाठी चांगले व्यावसायिक पर्यवेक्षण: ते कसे असावे आणि आरोग्यासाठी का गरजेचे आहे?

काही महिन्यांपूर्वी चाळिशीतल्या एक आशाताई दवाखान्यात आल्या. डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, अशी तक्रार होती. रक्तदाब १५४/९६ होता. पुढच्या दोन भेटींतही तो वरच राहिला, म्हणून गोळी सुरू केली. तिसऱ्या भेटीत त्यांना विचारले, "ताई, हे कधीपासून सुरू झालं?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "त्या बाळापासून."

त्यांच्या भागातले एक बाळ जन्मानंतर ११ व्या दिवशी दगावले होते. ७ व्या दिवसाच्या भेटीत वजन ठीक होते आणि बाळ नीट दूध ओढत होते. ९ व्या दिवशी आईचा फोन आला, "बाळ कालपासून कमी पितंय." ताई तेव्हा लसीकरणाच्या सत्रावर होत्या. "उद्या सकाळी येते," असे त्या म्हणाल्या. रात्रीच बाळाला रुग्णालयात न्यावे लागले. नंतरच्या मासिक बैठकीत त्यांना एवढेच विचारण्यात आले की, भेटीच्या अर्जावर तारीख का नाही. त्या घराच्या गल्लीतून जाणे त्यांनी तेव्हापासून बंद केले होते.

(ओळख पटू नये म्हणून या प्रसंगातील तपशील बदलले आहेत.)

रक्तदाबाची गोळी त्यांना लागत होती, ती दिली. पण त्यांना आणखी एका गोष्टीची गरज होती आणि ती माझ्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येत नव्हती. त्या गोष्टीचे नाव चांगले पर्यवेक्षण. या लेखात त्याचीच माहिती घेऊ.

पर्यवेक्षण म्हणजे काय?

आपल्याकडे 'सुपरव्हिजन' म्हटले की रजिस्टर तपासणे, हजेरी घेणे आणि उद्दिष्ट किती पूर्ण झाले हे विचारणे, एवढेच डोळ्यांसमोर येते. हा पर्यवेक्षणाचा एक भाग आहे, पूर्ण पर्यवेक्षण नव्हे.

समाजकार्याच्या क्षेत्रात पर्यवेक्षण म्हणजे अनुभवी व्यक्तीने कार्यकर्त्यासोबत ठरावीक वेळाने बसून त्याच्या कामाचा, निर्णयांचा आणि त्या कामाच्या त्याच्यावर होणाऱ्या परिणामांचा विचार करणे. अमेरिकेतील समाजकार्याचे प्राध्यापक आल्फ्रेड कडूशिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याची तीन अंगे मांडली. ती आजही जगभर वापरली जातात.

- प्रशासकीय अंग: काम वेळेवर आणि नियमाप्रमाणे होते का, नोंदी बरोबर आहेत का, कामाचा बोजा झेपण्याइतका आहे का हे पाहणे.
- शैक्षणिक अंग: प्रत्यक्ष केसमधून शिकवणे. काय बरोबर झाले, पुढच्या वेळी काय वेगळे करता येईल याची चर्चा.
- आधाराचे अंग: दुःखद, भीतीदायक किंवा संताप आणणाऱ्या अनुभवांनंतर कार्यकर्त्याला सावरायला मदत करणे.

वरच्या प्रसंगात पहिले अंग तेवढे हजर होते. अर्जावर तारीख नाही हे कुणाच्या तरी लक्षात आले. 'नवजात बाळाचे दूध पिणे कमी होणे हे धोक्याचे लक्षण आहे, त्याच दिवशी बाळ तपासले गेले पाहिजे' हे पुन्हा शिकवणारे कुणी नव्हते. 'तुम्ही कशा आहात?' हेही कुणी विचारले नाही. तिन्ही अंगे एकत्र असतील तरच ते पर्यवेक्षण पूर्ण होते.

पर्यवेक्षणाची गरज कोणाला असते?

एमएसडब्ल्यू ही पदवी घेतलेले समाजकार्यकर्ते, शासकीय रुग्णालयांतील समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही व क्षयरोग कार्यक्रमांतील समुपदेशक, बालगृहांत व कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसवर काम करणारे कार्यकर्ते यांना ती असतेच. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांना कागदोपत्री समाजकार्यकर्ता म्हटले जात नाही. पण गावात समाजकार्याचा मोठा भाग त्याच करतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

अर्नाळ्याचेच पाहा. एका बाजूला कोळीवाडा आणि मांगेला वस्ती, मागे बागायती वाड्या, आणि समोर बेटावर किल्ल्याची वस्ती, जिथे जायला होडीशिवाय मार्ग नाही. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी काही काळ बंद असते. त्या दिवसांत हातात पैसा कमी आणि माणसे घरी जास्त. दारू, कर्ज, मारहाण, गरोदर बाईचे अपुरे खाणे या गोष्टी दवाखान्यात पोहोचण्याआधी आशाताईंना कळलेल्या असतात. त्या त्याच गावात राहतात. ज्या घरात आज भांडण सोडवले, त्या घरातली बाई उद्या मासळी बाजारात शेजारी बसलेली असते. शहरातल्या कार्यालयात काम करणाऱ्याला संध्याकाळी काम मागे ठेवून घरी जाता येते. गावातल्या कार्यकर्तीला ती सोय नाही.

पर्यवेक्षण नसेल तर आरोग्यावर काय परिणाम होतो?

*१. बर्नआउट.* जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या ११ व्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली आहे. तो आजार नसून कामाशी संबंधित अवस्था आहे, असे तिथे स्पष्ट केले आहे. दीर्घकाळ न हाताळलेल्या कामाच्या ताणातून ती येते. तिची तीन लक्षणे आहेत: सतत थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि 'माझ्याकडून काही होत नाही' ही भावना.

*२. दुसऱ्याच्या आघाताचा स्वतःवर परिणाम.* अत्याचार, मृत्यू, आत्महत्या यांच्या हकिकती वारंवार ऐकून किंवा पाहून कार्यकर्त्याला तेच प्रसंग आठवत राहतात, स्वप्नात येतात. विशिष्ट घर, गल्ली किंवा फोनची रिंग टाळावीशी वाटते. दचकणे आणि चिडचिड वाढते.

*३. शरीराच्या तक्रारी.* डोकेदुखी, पाठदुखी, आम्लपित्त, धडधड, झोप मोडणे, पाळीच्या तक्रारी वाढणे. आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर गोळ्या आणि जेवणाच्या वेळा चुकतात आणि आजार आटोक्याबाहेर जातो.

*४. लोकांच्या आरोग्यावर परिणाम.* हा मुद्दा बहुतेकदा विसरला जातो. घाबरलेला किंवा खचलेला कार्यकर्ता घरभेटी टाळतो. किंवा प्रत्येक लहान तक्रारीला थेट मोठ्या रुग्णालयात पाठवतो. किंवा अर्ज घरी बसून भरतो. तिन्ही बाबतींत तोटा बाळाचा आणि आईचा होतो.

महाराष्ट्रातील अनुभव काय सांगतो?

चांगले पर्यवेक्षण ही परदेशातून आणलेली चैन आहे, असे कुणाला वाटू शकते. आपल्या राज्यातली तीन उदाहरणे पाहू.

जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शिक्षण कमी किंवा अजिबात नसलेल्या गावातल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. एकदा प्रशिक्षण देऊन त्यांना गावात सोडून दिले नाही. या स्त्रिया दर आठवड्याला केंद्रावर एकत्र जमत. गावात काय घडले ते सांगत, अडलेल्या गोष्टी विचारत, एकमेकींकडून शिकत. या बैठकीत ज्ञान मिळे आणि धीरही मिळे. आज ज्याला समूह पर्यवेक्षण म्हणतात, ते हेच.

गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. या प्रयोगाची चर्चा होते तेव्हा प्रशिक्षण आणि औषधे यांचा उल्लेख होतो. एक गोष्ट मात्र मागे राहते. पर्यवेक्षक डॉक्टर साधारण दर पंधरा दिवसांनी गावात जात, आरोग्यदूतांच्या नोंदी पडताळत, चुका दुरुस्त करत आणि तिथेच शिकवत. आज आशाताई नवजात बाळाच्या ज्या घरभेटी देतात, त्यांची मुळे या कामात आहेत. भेटींचे वेळापत्रक सगळीकडे पोहोचले. पंधरा दिवसांनी येऊन शेजारी बसणारा माणूस तितक्या सहज पोहोचला नाही.

मुंबई. टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देण्यासाठीच सुरू झाली. तिथे आणि निर्मला निकेतनसारख्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याला वर्गाइतकेच महत्त्व क्षेत्रकार्याला द्यावे लागते. त्याचे अहवाल लिहायचे आणि पर्यवेक्षकासोबत बसून त्यावर चर्चा करायची, ही शिक्षणाचीच पद्धत आहे. याच संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. त्यात पोलिसांच्या आवारात बसून प्रशिक्षित समाजकार्यकर्ते हिंसाचारग्रस्त स्त्रियांना मदत करतात. अशा कामात रोज एकट्याने निर्णय घेत राहणे धोक्याचे असते, कारण चुकीचा सल्ला एखादीच्या जिवावर बेतू शकतो.

शासकीय व्यवस्थेतही जागा आहे. आशांना मार्गदर्शन करण्यासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानात सुमारे २० आशांमागे एक सहायिका असावी, असे धरले आहे. महाराष्ट्रात त्यांना आपण गटप्रवर्तक म्हणतो. अंगणवाडी सेविकांसाठी पर्यवेक्षिका असतात. म्हणजे पदे आहेत. प्रश्न आहे तो त्यांचा वेळ कशात जातो याचा. गटप्रवर्तक ताईंचा महिना आकडे गोळा करण्यात आणि अहवाल पाठवण्यात संपला, तर शेजारी बसायला वेळ उरत नाही. त्याचा दोष त्यांच्या एकट्यांवर टाकता येणार नाही.

चांगल्या पर्यवेक्षणाची ८ लक्षणे

१. ठरलेली वेळ आणि जागा. 'काही अडलं तर फोन कर' हे पर्यवेक्षण नव्हे. महिन्यातून किमान एकदा, नवीन किंवा जोखमीच्या कामात असलेल्यासाठी पंधरवड्यातून एकदा, अर्धा ते एक तास राखून ठेवावा. फोन बाजूला. दार बंद करता येईल अशी जागा.

२. प्रत्यक्ष काम पाहणे. पर्यवेक्षकाने वर्षातून काही वेळा तरी घरभेटीला सोबत जावे. होडीतून किल्ल्यावर जाऊन आलेल्या माणसाला 'भेट एक दिवस उशिरा का झाली?' हा प्रश्न वेगळ्या स्वरात विचारता येतो.

३. केसवर बोलणे, माणसावर नाही. 'तू निष्काळजी आहेस' याऐवजी 'त्या फोनच्या वेळी तुझ्यासमोर कोणते पर्याय होते?' असे विचारणे.

४. चूक सांगता येईल असा विश्वास. चूक सांगितल्यावर सगळ्यांसमोर अपमान होणार असेल तर पुढची चूक लपवली जाते. आरोग्यसेवेत लपवलेली चूक सर्वांत महाग पडते.

५. स्पष्ट आणि खरा अभिप्राय. आधार देणे म्हणजे सगळे छान आहे असे म्हणणे नव्हे. चुकले असेल तर चुकले म्हणावे, आणि त्यातला किती भाग व्यक्तीचा व किती व्यवस्थेचा हेही सांगावे.

६. कामाच्या बोजाकडे लक्ष. एकाच दिवशी लसीकरण सत्र, सर्वेक्षण आणि घरभेट असेल तर त्यातले काय मागे ठेवायचे, हे ठरवणे पर्यवेक्षकाची जबाबदारी आहे.

७. सुरक्षिततेचा विचार. रात्रीचा फोन, दारू प्यायलेला नवरा, पावसाळ्यातली होडी यांसाठी आधीच नियम ठरलेले असावेत. एकटीने कुठे जायचे नाही आणि कुणाला कळवून जायचे, हे लिहून ठेवावे.

८. पुढील पाऊल ठरणे. बैठक संपताना कोणी, काय, कधीपर्यंत करायचे हे दोन ओळींत लिहावे. पुढच्या बैठकीची सुरुवात त्या दोन ओळींनी व्हावी. पर्यवेक्षकाने स्वतः घेतलेले कामही त्यात असावे.

पर्यवेक्षणाची एक बैठक कशी असू शकते?

४५ मिनिटांच्या बैठकीचा एक साधा आराखडा असा:

- पहिली ५ मिनिटे: तुम्ही कशा आहात? झोप, तब्येत, घर.
- पुढची १० मिनिटे: मागच्या वेळी ठरलेल्या गोष्टींचे काय झाले?
- पुढची २० मिनिटे: एक किंवा दोन केसेस सविस्तर. निवड कार्यकर्त्याची.
- पुढची ५ मिनिटे: नोंदी, रजा, मोबदल्याची अडचण.
- शेवटची ५ मिनिटे: पुढे काय करायचे ते लिहिणे.

सुरुवातीच्या प्रसंगानंतर झालेला संवाद असा होऊ शकला असता:

"ताई, बाळाचं कळलं मला. आज अर्ज नंतर बघू. आधी बसा. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

"फोन आला तेव्हा मी सत्रावर होते. मॅडम, मी गेले असते तर वाचलं असतं का?"

"ते तुम्हाला किंवा मला नक्की सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र खरी. दूध पिणं कमी झालं म्हणजे त्याच दिवशी दाखवायचं. तुम्ही जाऊ शकत नव्हता, तरी फोनवर 'आत्ताच घेऊन जा' असं सांगता आलं असतं. हे आपण पुढच्या गटबैठकीत सगळ्यांसाठी पुन्हा घेऊ, तुमचं नाव न घेता."

"हो."

"आणि सत्राच्या दिवशी तुमचे फोन कुणी घ्यायचे हे ठरलेलंच नव्हतं. ती माझी चूक. या महिन्यापासून शेजारच्या वाडीतल्या ताईंचा नंबर देऊ. त्या घरी जायचं असेल तर मी सोबत येते."

या संवादात चूक झाकलेली नाही आणि माणूसही मोडलेला नाही. धोक्याचे लक्षण शिकवले, व्यवस्थेतली फट बुजवली आणि ताईंना एकटे सोडले नाही.

नवजात बाळातील धोक्याची लक्षणे: प्रत्येक पर्यवेक्षकाने वारंवार उजळणी घ्यावी

संस्थेत प्रसूती झाली असेल तर आशाताईंच्या ६ घरभेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. पण आजार भेटीच्या तारखा पाहून येत नाही. पुढीलपैकी एकही लक्षण असेल तर भेटीची वाट न पाहता बाळाला लगेच रुग्णालयात न्यावे.

- दूध ओढणे बंद होणे किंवा आधीपेक्षा कमी होणे
- बाळ सुस्त, ढिले पडणे किंवा उठवूनही न उठणे
- श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे
- अंग गार लागणे किंवा ताप
- झटके येणे
- नाळेतून पू येणे, नाळेभोवती लाली
- तळहात व तळपाय पिवळे दिसणे, किंवा पहिल्या २४ तासांत कावीळ दिसणे

मृत्यू किंवा गंभीर घटनेनंतर काय करावे?

बालमृत्यू, मातामृत्यू, आत्महत्या किंवा कार्यकर्त्यावर हल्ला झाला असेल, तर पुढच्या मासिक बैठकीची वाट पाहू नये.

- त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकाने स्वतः फोन करावा, शक्य असल्यास भेटावे.
- बोलण्याची जबरदस्ती करू नये. घटनेनंतर लगेच सगळा प्रसंग उगाळायला लावणे फायद्याचे ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही अशा एकाच बैठकीतल्या सक्तीच्या चर्चेची शिफारस करत नाही. सोबत असणे, ऐकणे, जेवण, झोप आणि घरी सुखरूप पोहोचणे पाहणे, हे आधी.
- काही दिवस काम हलके करावे. पूर्ण घरी बसवणे बऱ्याचदा शिक्षेसारखे वाटते, त्यामुळे काय हवे ते विचारून ठरवावे.
- चौकशी आणि आधार वेगळे ठेवावेत. मृत्यूची कारणे शोधणे गरजेचे आहे. पण चौकशी करणारा आणि धीर देणारा शक्यतो एकच माणूस नसावा.
- साधारण एका महिन्याने पुन्हा विचारावे. सुरुवातीला सगळे विचारतात. त्रास नंतरही टिकू शकतो.

गुप्तता कशी पाळावी?

पर्यवेक्षणात कुटुंबांची खासगी माहिती येते. गाव लहान असेल तर नाव न घेताही ओळख पटते. म्हणून चर्चेत गरजेपुरतीच माहिती द्यावी. समूह बैठकीत नाव, वाडी, व्यवसाय टाळावा. एचआयव्ही आणि मानसिक आजाराच्या माहितीला २०१७ च्या कायद्यांनी विशेष संरक्षण दिले आहे. अशी माहिती व्हॉट्सॲपवर कधीही टाकू नये.

कार्यकर्त्याने स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टीही पर्यवेक्षकाने जपाव्यात. मात्र गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच बैठकीत सांगाव्यात. कुणाच्या जिवाला धोका असेल तर मदत घ्यावीच लागते. १८ वर्षांखालील मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते कळवताना कार्यकर्तीला एकटे पाठवू नये.

पर्यवेक्षक मिळतच नसेल तर?

- सहकारी गट तयार करा. ४ ते ६ जणींनी पंधरवड्यातून एकदा तासभर बसावे. प्रत्येक वेळी एकीची एक केस. नियम दोन: बाहेर बोलायचे नाही, आणि मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही.
- वही ठेवा. अवघड प्रसंगानंतर पाच ओळी: काय झाले, मी काय केले, मला काय वाटले, काय वेगळे करता आले असते, कुणाला विचारायचे. नावे लिहू नका.
- जवळच्या डॉक्टर, परिचारिका किंवा समुपदेशकाला विचारा. आम्हा खासगी डॉक्टरांनीही यासाठी महिन्याला एक तास द्यायला हरकत नाही. आपल्याकडे येणारा रुग्ण बहुतेकदा याच ताईंनी पाठवलेला असतो.
- लेखी मागणी करा. सोबत घरभेट, पर्यायी संपर्क क्रमांक, ठरलेली बैठक अशा नेमक्या गोष्टी मागा. 'आम्हाला खूप ताण आहे' या वाक्यापेक्षा नेमकी मागणी लवकर ऐकली जाते.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

पर्यवेक्षण हा उपचार नाही आणि पर्यवेक्षक हा मानसोपचारतज्ज्ञ नाही. पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जा.

- दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशात रस न वाटणे किंवा झोप-भूक बिघडणे
- महिनाभरानंतरही तोच प्रसंग डोळ्यांसमोर येणे, दचकून जाग येणे
- काम उरकण्यासाठी किंवा झोपेसाठी तंबाखू, मिश्री, दारू, झोपेच्या गोळ्या वाढणे
- वारंवार डोकेदुखी, धडधड, चक्कर. 'टेन्शन असेल' असे समजून सोडू नका. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि गरजेनुसार थायरॉईड तपासून घ्या.
- रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त असणे

छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा रक्तदाब १८०/१२० च्या वर असून त्रास होत असल्यास लगेच रुग्णालयात जा. जगणे नकोसे वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका आणि टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा. ही सेवा २४ तास सुरू असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पर्यवेक्षक डॉक्टरच असावा का?
नाही. अनुभवी आशा, परिचारिका किंवा समाजकार्यकर्ता उत्तम पर्यवेक्षक होऊ शकतो. मात्र ज्या विषयाचे ज्ञान स्वतःला नाही, तिथे दुसऱ्याला विचारण्याची त्याची तयारी हवी.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा नाही का?
सूचना देण्यासाठी तो उपयोगी आहे. पण जिथे वरिष्ठ आणि आणखी तीस जण वाचत आहेत, तिथे 'मला भीती वाटते' असे कुणी लिहीत नाही.

पर्यवेक्षकच साहेब असेल, तर मनातले कसे बोलायचे?
ही अडचण खरी आहे. शक्य असेल तिथे मूल्यमापन करणारा आणि आधार देणारा वेगळा ठेवावा. शक्य नसेल तर बैठकीत सांगितलेले काय मूल्यमापनात धरले जाईल आणि काय नाही, हे पर्यवेक्षकाने आधीच स्पष्ट सांगावे.

पर्यवेक्षकाला कोण सांभाळणार?
त्यालाही पर्यवेक्षण लागते. वीस जणींचे दुःख ऐकणारी गटप्रवर्तक स्वतः कुणाशी बोलते, हा प्रश्न तालुका पातळीवर विचारला गेला पाहिजे.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पर्यवेक्षण म्हणजे तपासणी, शिक्षण आणि आधार. तिन्ही हवेत.
- ठरलेली वेळ, प्रत्यक्ष भेट आणि चूक सांगण्याची मोकळीक हा त्याचा पाया आहे.
- गंभीर घटनेनंतर २४ तासांत विचारपूस करा आणि महिन्याने पुन्हा करा.
- लक्षणे टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

त्या आशाताई अजूनही रक्तदाबाची गोळी घेतात आणि नियमित तपासणीला येतात. काही आठवड्यांनी एक वरिष्ठ ताई त्यांच्यासोबत त्या घरी गेल्या. बाळाच्या आईने दोघींना चहा दिला. सत्राच्या दिवशी त्यांचे फोन कुणी घ्यायचे हे आता ठरलेले आहे. झोप सुधारली आहे आणि त्या गल्लीतून जायला त्यांनी पुन्हा सुरुवात केली आहे. त्या गल्लीत सध्या दोन गरोदर बायका आहेत.

*सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो वैयक्तिक वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही. औषधे स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका, आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*